खुलासा : परीक्षेत गुण कमी पडले म्हणून ‘केंद्राचा कायदा’ मुलाला त्याच वर्गात बसवत नाही

अमेरिकेतल्या आपल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘तिसरीच्या सरकारी परीक्षेत गुण कमी पडले तर केंद्राच्या कायद्यानुसार मुलाला पुन्हा तिसरीत बसवतात.’ मीही तो परवा पुढे पाठवला. चूक झाली. कायदा वाचल्यावर हे लिहितेय.

डिसेंबर 2015 पासूनच्या कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलात एकदा वाचन-गणिताची चाचणी घ्यावीच लागते. पण मुलाला मागे ठेवा, असं त्यात कुठेही नाही. तो निर्णय राज्याचा. फ्लोरिडात तिसरीच्या वाचनासाठी तसा नियम आहे, त्यातही सवलती आहेत. सगळीकडे तसं नाही.

2002 च्या जुन्या कायद्यातही कारवाई व्हायची ती शाळेवर. 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण हवीत, ही त्याची अट. त्या धास्तीने कित्येक शाळांनी चित्रकलेचे, सामाजिक शास्त्रांचे तास कापले. हे नुकसान मात्र खरं.

माझी मुलगी रात्री पांघरुणातून विचारत होती, ‘आई, मैत्रिणी पुढे जातील का गं?’

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि आपल्या राज्याचा नियम शाळेत विचारा.