वॉटरप्रूफ घड्याळ कुठेही लावून चालतं का?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाहेरच्या घड्याळाच्या जागेबद्दल मी उगाच पाल्हाळ लावलं, आयपी ६५ चं (म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा तेवढा दर्जा असलेलं) घड्याळ घेतलं की ते रत्नागिरीत कुठल्याही भिंतीवर टिकतं, आणि ज्या घड्याळांना तळाशी भोक असतं ते एम-सीलने बुजवावं, तुम्ही तसं बुजवलंही आहे. मला यातलं काहीच पटलेलं नाही. आणि बुजवण्याचा सल्ला तर वाचून कुणी अमलात आणू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घड्याळ उन्हात तापलं की आतली हवा फुगते आणि फटींतून बाहेर पडते. मग अचानक सर आली की पेटी निवते, आतला दाब उतरतो आणि काचेच्या कडेला साचलेलं पाणी आत ओढलं जातं. कितीही लिंपलं तरी केसाएवढी फट राहतेच. आत आलेलं पाणी तळाच्या भोकातून निथळून जातं. ते बुजवलं की आतच कोंडतं. अशी बुजवलेली घड्याळं मी उघडून पाहिली आहेत. सेलच्या पट्टीवर हिरवट थर, काट्यांच्या बुडाशी गंज, आणि डायलचा कागद नेमका सहाच्या आकड्यापाशी फुगलेला.

आयपी ६५ मधला ६ धुळीचा, ५ पाण्याच्या फवाऱ्याचा. ती चाचणी काही मिनिटांची असते. तिच्यात खारा वारा नसतो आणि चार महिन्यांचा पाऊसही नसतो.

आता भिंत. तुम्ही पश्चिमेची निवडलीत, कारण फाटकातून येणाऱ्याला वेळ दिसावी. हेतू चांगला आहे, पण कोकणात पाऊस त्याच अंगाने झोडपतो आणि उतरतं ऊनही तिथेच. घड्याळाची गती राखणारा क्वार्ट्झचा स्फटिक साधारण २५ अंशांना बेतलेला असतो. त्याहून तापला तरी मागे पडतो, गारठला तरी मागेच. काळा डायल ६० अंशांवर गेला तर तेवढा वेळ घड्याळ दिवसाला साडेतीन सेकंदांच्या गतीने मागे पडत राहतं. हे एक वेळ चालवून घेता येईल. पण त्याच उष्णतेने सेल गळतो, आणि मग सगळं यंत्रच जातं.

उत्तरेची भिंत घ्या. रत्नागिरीत मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस ढगाळ जातात. वळचणीखाली, पागोळ्यांच्या रेषेपासून निदान हातभर आत लावा. लांबून दिसायला हवं तर डायल मोठा घ्या, पांढऱ्यावर काळे आकडे. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ साध्या स्टेनलेसवरही तांबेरा चढतो. सेल दरवर्षी मृगाआधी बदला, चालू असला तरी.

तुमच्या घड्याळातलं एम-सील टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने हळूच खरवडून काढा, सेल बाहेर काढा आणि मागचं झाकण उघडून घड्याळ दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा. पट्टीवर थर दिसला तर आधी तो व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मगच नवा सेल घाला.