‘परक्यांच्या भांडणात आपली पोरं कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय जवानांवरच्या माझ्या मागच्या लेखाला कोरेगावहून एका माजी सैनिकाच्या मुलाने सणसणीत प्रतिक्रिया दिली आहे. तिचं सार असं : परक्यांच्या भांडणात आपली पोरं मरायला कशाला पाठवायची? सरकार डॉलरसाठी पलटणी भाड्याने देतं. परदेशी सैनिकांना इथे आणून शिकवतो, उद्या तेच आपल्यावर बंदूक रोखतील. श्रीलंकेत बाराशे जवानांचा जीव गेला, माझे वडील तिथे होते, त्यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही. आणि काँगोतलं प्रकरण तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

खाली दोन ओळी खरडून भागणार नव्हतं, म्हणून हे वेगळं उत्तर.

दादा, काँगोपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 2008 मध्ये उत्तर किवूमधल्या भारतीय तुकडीतल्या काही जणांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशीत त्याला प्रथमदर्शनी आधारही सापडला. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याच लेकीबाळींवर हात टाकल्याचा हा आरोप. मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. सव्वाशे ओळी कौतुकाच्या झाल्यावर ही ओळ घालायला जीव धजावला नाही, एवढंच खरं कारण. याहून अडचणीची गोष्ट म्हणजे, अशा गुन्ह्यात शिक्षा करण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांकडे नसतो. ते फार तर माणसाला परत पाठवतात, पुढचं ज्याच्या त्याच्या देशाने बघायचं. म्हणजे तिथल्या बाईला न्याय मिळणार की नाही, हे हजारो मैलांवरच्या एखाद्या छावणीतल्या चौकशीवर ठरतं.

आणखी एक तुम्ही विसरलात, ते मीच सांगतो. 20 नोव्हेंबर 2012 ला एम 23 या बंडखोरांनी गोमा शहर घेतलं. शांतिसेना शहरात होती. काँगोचं सरकारी सैन्य पळालं आणि शांतिसेनेची निळी हेल्मेटं बघत राहिली. त्या वेळी काँगोतल्या सगळ्या शांतिसेनेचा सेनापती भारतीय होता. दोष एकट्या त्यांचा नव्हता. सुरक्षा परिषदेने दिलेल्या आदेशात काय बसतं आणि काय नाही, याचा घोळ न्यूयॉर्कपासून चालत आलेला होता. पण गोम्यातल्या माणसाला तो घोळ कोण समजावणार?

आता डॉलर. इथे मात्र तुमचा हिशेब चुकतोय. संयुक्त राष्ट्रं जवानाला पगार देत नाहीत, पाठवणाऱ्या सरकारला दर माणशी दरमहा ठरावीक रक्कम देतात. 2022 मध्ये तो दर 1,448 डॉलर झाला, आणि नेपाळ असो, रवांडा असो की भारत, सगळ्यांना एकच. आपले पाच-साडेपाच हजार लोक धरले तर वर्षाचे आठशे कोटी रुपयांच्या आसपास होतात. गाड्या आणि यंत्रसामग्रीचे पैसे वेगळे. आपलं संरक्षणाचं बजेट सहा लाख कोटींच्या वर. आठशे कोटींसाठी कोणी पलटणी भाड्याने देत नाही. शिवाय मोठे देश आपली वर्गणी थकवतात, म्हणून हे पैसेही वेळेवर येत नाहीत. छोट्या देशांच्या सैन्यांना या रकमेचं मोल आहे, हे मान्य. आपल्या बाबतीत हा आरोप टिकत नाही.

श्रीलंकेचा मुद्दा जपून लिहितो, कारण तुमचे वडील तिथे होते आणि मी नव्हतो. ती मोहीम संयुक्त राष्ट्रांची नव्हती. 29 जुलै 1987 चा करार भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांमधला होता आणि दुसऱ्याच दिवशी आपलं सैन्य तिथे उतरायला लागलं. लेखात ती नाही याचं कारण हे. पण तुम्ही म्हणता तसं ‘शांतिसेना’ हे नाव तिलाच चिकटलं, आणि आजही आपल्याकडे हा शब्द ऐकला की पन्नाशीपुढच्या माणसाला जाफनाच आठवतं. म्हणजे मी टाळून चालणार नव्हतंच.

माझं म्हणणं इतकंच, की जाफना हे शांतिसेनेच्या विरोधातलं उदाहरण म्हणून तुम्ही दिलंत, पण मला त्यात उलटंच दिसतं. शांतिसेनेचे तीन जुने नियम आहेत : दोन्ही बाजूंची संमती हवी, कोणाची बाजू घ्यायची नाही, आणि स्वसंरक्षण किंवा दिलेलं काम याखेरीज बळ वापरायचं नाही. श्रीलंकेत आपल्या जवानांच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून एका बाजूची, म्हणजे तमिळ वाघांची, शस्त्रं काढून घ्यायचं काम पडलं, आणि त्या बाजूची संमती मनापासून कधीच नव्हती. ऑक्टोबर उजाडेपर्यंत शांतता राखायला गेलेले लोक जाफन्याच्या गल्लीबोळांत लढाई करत होते. 25 नोव्हेंबरला 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन कामी आले. मुंबईचा माणूस, मरणोत्तर परमवीरचक्र. मार्च 1990 मध्ये सैन्य परतलं तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागतालाही आले नाहीत. तुमच्या वडिलांच्या मनात ते सलत असेल तर त्यात नवल ते काय? पण तिथे चूक जवानांची नव्हती, आणि ‘शांतिसेना’ या कल्पनेचीही नव्हती. नाव शांततेचं ठेवून काम दुसरंच सांगितलं गेलं.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, मूळचे कोल्हापूरकडचे. 1953 मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी असे होते, ज्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं, निदान तसं सांगितलं जात होतं. त्यांना सांभाळायला भारताने सैन्य पाठवलं, त्याचे प्रमुख थोरात. या कैद्यांचं काय करायचं हे बघणाऱ्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष आपलेच जनरल थिमय्या. (हेही काटेकोरपणे संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालचं काम नव्हतं. एकदा खोड काढलीत म्हणून आता मीही जपून लिहितोय!) दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. जहाजावरून उचलून हेलिकॉप्टरने थेट युद्धबंदीच्या पट्ट्यात न्यावं लागलं. तिथल्या आपल्या तळाचं नाव ‘हिंद नगर’.

सप्टेंबरअखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. थोरात स्वतः आत गेले. भोवती खवळलेला जमाव, बाहेर बंदुका रोखलेले आपलेच जवान. एक गोळी सुटली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको. थोरातांनी बोलून बोलून माणूस सोडवला. पुढे आठवडाभरातच दुसऱ्या प्रसंगांत गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले, तेही लपवायचं कारण नाही. पण त्या दिवशी कुंपणाच्या आत जे झालं, ते कुठल्याही लढाईच्या धड्यात नसतं. सैनिकाला सगळं आयुष्य गोळी कशी घालायची हे शिकवलेलं असतं. ती कधी घालायची नाही, हे वेगळं शिकावं लागतं.

‘परदेशी सैनिकांना शिकवून काय मिळतं’ याचं उत्तर मला इथे सापडतं. दिल्लीत 2000 पासून भारतीय लष्कराचं शांतिसेना प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे जाणाऱ्याला रायफल चालवता येतेच, ती कोणी शिकवत नाही. शिकवतात ते असं : नाक्यावर चौदा वर्षांचा, नशेतला पोरगा एके-47 घेऊन उभा आहे, त्याच्याशी कसं बोलायचं. दुभाषा स्वतःच एका टोळीचा असेल तर काय करायचं. निरीक्षक म्हणून शस्त्राविना गावात जायचं असेल तर पहिल्यांदा कोणाला भेटायचं. छावणीतल्या बाईची तक्रार कशी ऐकायची. 2008 च्या प्रकरणानंतर हा शेवटचा भाग तर कुणी वगळायची हिंमत करू नये. महिला अधिकाऱ्यांसाठी तिथे वेगळा अभ्यासक्रम आहे आणि त्याला देशोदेशीच्या अधिकारी येतात.

तुम्ही सातारा जिल्ह्यातले, म्हणून जवळचं सांगतो. पुण्याच्या औंध लष्करी तळावर मार्च 2016 मध्ये ‘फोर्स 18’ नावाचा सराव झाला. आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) आणि त्यांच्या जोडीदार देशांचे मिळून अठरा देश, विषय दोन : शांतिसेना आणि भूसुरुंग काढणं. आपल्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या पत्रकार परिषदांमुळे आता त्यांना सगळा देश ओळखतो, पण 2006 मध्ये त्या काँगोत निरीक्षक होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या सरावात चीनचे सैनिकही होते बरं का. मग 2019 आणि 2023 मध्ये औंधलाच आफ्रिकी देशांबरोबर असाच सराव झाला. घाना, केनिया, इथिओपियाचे लोक औंधला घाम गाळून गेले. यातला कोण आपल्यावर बंदूक रोखणार? आणि रोखलीच, तर औंधला शिकलेल्या नाकेबंदीच्या जोरावर तर नक्कीच नाही.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, आपली पोरं कशाला. आजवर 2,90,000 हून अधिक भारतीय पन्नासांवर मोहिमांत गेले, 180 च्या आसपास परत आले नाहीत. कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. मोबदल्यात सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळेल, ही आशा मी कधीच सोडली. पण त्याहून साधी मागणीही पुरी होत नाही. ज्यांचं सैन्य जाणार त्यांना निर्णयात घ्यावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 44 व्या कलमात आहे, भारत वर्षानुवर्षं त्याची आठवण करून देतो, आणि आदेश लिहिणारे बहुतेक वेळा एकही पलटण न पाठवणारे असतात. 2000 मध्ये सिएरा लिओनमध्ये आपली गुरखा तुकडी कैलाहुनला अडीच महिने बंडखोरांच्या वेढ्यात अडकली. शस्त्रं खाली ठेवली नाहीत, शेवटी जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून बाहेर काढावी लागली. त्या मोहिमेचे सेनापती भारतीय होते, त्यांचं नायजेरियन अधिकाऱ्यांशी फाटलं आणि भारताने आपलं सैन्यच काढून घेतलं. जीव द्यायचा आपण आणि राजकारण भलत्यांचं, हा तुमचा राग मला त्या वेळीही समजला होता.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं नाही तर पुन्हा लिहा. पायदळाच्या मोठमोठ्या पलटणी पाठवणं कमी करावं. आदेश स्पष्ट नसेल तर ‘नाही’ म्हणायला शिकावं. डॉक्टर, इंजिनियर, निरीक्षक जाऊ द्यावेत. आणि शिकवणं दुप्पट करावं, कारण जे थोरातांना जमलं आणि जाफन्यात करूच दिलं गेलं नाही, ते शिकवण्याचा हक्क आपल्याइतका फार थोड्यांना आहे.

मूळ लेखात काँगोचा परिच्छेद आज जोडला आहे, आणि श्रीलंकेबद्दल एक टीपही. वडिलांना नमस्कार सांगा. त्यांची पलटण जाफन्याला होती की त्रिंकोमालीला, तेवढं विचारून कळवाल का?