हायब्रिड गाडीवर दीड लाखाची करसवलत? ती कधीच नव्हती

'हायब्रिड गाडी घ्या, दीड लाखाचा टॅक्स परत मिळवा' असा मेसेज कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार दावे आहेत: आयकराच्या कलम ८०ईईबीखाली दीड लाख परत, जीएसटी फक्त ५ टक्के, रोड टॅक्स माफ, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर जीएसटीचं पूर्ण क्रेडिट. महाराष्ट्रात हायब्रिड घेणाऱ्यासाठी यातला एकही दावा खरा नाही. अशा आकड्यांवर विसंबून माणसं ऐपतीपेक्षा मोठा हप्ता डोक्यावर घेतात, म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

कलम ८०ईईबी खरं आहे. २०१९च्या अर्थसंकल्पात ते आलं, पण विजेवरच्या गाडीसाठी. कायद्याने विजेवरच्या गाडीची व्याख्याही तिथेच दिली आहे: जी निव्वळ विजेच्या मोटरवर चालते आणि जिला लागणारी सगळी ऊर्जा गाडीतल्या बॅटरीतूनच मिळते, ती. हायब्रिडमध्ये विजेच्या मोटरच्या जोडीला पेट्रोलचं इंजिन असतं, त्यामुळे ती या व्याख्येत पहिल्या दिवसापासून बसत नाही. स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या विजेवर चालू शकणारी) असो की माइल्ड (जिची मोटर इंजिनला फक्त हातभार लावते), शोरूममधला माणूस तिला 'सेल्फ चार्जिंग इलेक्ट्रिक' म्हणो की आणखी काही, कलमाला त्याने फरक पडत नाही.

विजेवरच्या गाडीलाही ही वाट आता बंद आहे. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जालाच ती सवलत होती. त्या काळातलं कर्ज अजून फेडणाऱ्यांना ती चालू राहिली, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या प्रणालीत ही वजावट नाही, आणि २०२३-२४ पासून काही न निवडणारा माणूस आपोआप नव्या प्रणालीतच धरला जातो.

या मेसेजमधली सगळ्यात मोठी फसगत 'परत मिळवा' या शब्दांत आहे. दीड लाख ही कर्जाच्या व्याजावरच्या वजावटीची वरची मर्यादा होती. वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याने अख्ख्या दीड लाखाची वजावट घेतली तरी सेस धरून कर वाचायचा ४६,८०० रुपये. तेवढं व्याज तरी किती जणांचं होतं? ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी १० लाखांचं कर्ज घेतलं, तर पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ८५ हजार. त्यावर वाचणारा कर सुमारे साडेसव्वीस हजार, आणि पुढे व्याज घटेल तसा तोही घटणार. करातून थेट वजा होणारी रक्कम म्हणजे क्रेडिट, आणि ८०ईईबी कोणासाठीच क्रेडिट नव्हतं.

हे वाचूनही कोणी रिटर्नमध्ये हायब्रिडच्या कर्जाचं व्याज या कलमाखाली दाखवणार असेल, तर कृपा करून थांबा. उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल बुडालेल्या कराच्या ५० टक्के दंड आहे आणि चुकीची माहिती देऊन कमी दाखवल्याचं ठरलं तर २०० टक्के. मेसेज पुढे पाठवणारा तो भरायला येणार नाही.

आता जीएसटी. ५ टक्के दर आहे तो विजेवरच्या गाड्यांना, १ ऑगस्ट २०१९ पासून. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले तेव्हा 'हायब्रिड १८ टक्क्यांवर आली' अशी बातमी पसरली, ती अर्धवट होती. पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के दर हवा असेल तर लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत, दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, होंडा सिटी, इनोव्हा हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या दोन्ही अटींत नापास होतात. त्यांना ४० टक्के. आधी सेससकट ४३ होते, म्हणजे दिलासा तीन टक्क्यांचा. तोही बिलातच आलेला असतो, वेगळा मागायचा नसतो.

रोड टॅक्सच्या दाव्याचं मूळ उत्तर प्रदेशात आहे. तिथल्या सरकारने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला होता. महाराष्ट्रात माफी आहे ती विजेवरच्या गाड्यांना. हायब्रिड इथे पेट्रोलच्याच रांगेत: १० ते २० लाखांच्या गाडीला १२ टक्के, त्यावर १३. म्हणजे १५ लाखांच्या गाडीला १ लाख ८० हजार. लखनौची पासिंग करून गाडी पुण्यात वापरू, असा सल्लाही सोबत मिळतो. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवली की इथे नोंदणी करावीच लागते, आणि तेव्हा इथला कर भरावा लागतो.

कंपनीच्या नावाचा सल्ला तर अंगाशी येणारा आहे. चालकासह तेरापर्यंत आसनं असलेल्या प्रवासी गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वळता करणं, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)ने अडवलेलं आहे. गाड्या विकणं, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल हा धंदा असेल तरच ते मिळतं. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स सरसकट २० टक्के. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो हे खरं, पण ती खर्चाची वजावट झाली.

अमेरिकेतले नातेवाईक 'आम्हाला तर क्रेडिट मिळालं' म्हणतात तेही खोटं नाही. तिथे २००६ ते २०१० या काळात साध्या हायब्रिडला केंद्रीय करात क्रेडिट होतं आणि नंतर बाहेरून चार्ज होणाऱ्या गाड्यांना ७,५०० डॉलरपर्यंत. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाडीला तेही नाही. त्यांचा कायदा आपल्या रिटर्नमध्ये लागू होत नाही.

मेसेजमध्ये नसलेलं खरं क्रेडिट म्हणजे टीसीएस, विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर. गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली की विक्रेता संपूर्ण किमतीवर १ टक्का आयकर गोळा करून तुमच्या पॅनवर जमा करतो. जून २०१६ पासून हा नियम आहे आणि गाडी पेट्रोल, हायब्रिड की विजेची, याच्याशी त्याचा संबंध नाही. १८ लाखांच्या गाडीवर हे १८ हजार रुपये होतात. जुनी असो वा नवी प्रणाली, ते तुमच्या देय करातून पूर्णच्या पूर्ण वजा होतात. कर निघतच नसेल तर परतावा मिळतो, मात्र रिटर्न भरायला हवं. निवृत्त माणसं तेच भरत नाहीत आणि पैसे तसेच राहतात. ऑक्टोबर २०२४ पासून पगारदारांना हा आकडा कंपनीला कळवून पगारातली कपातही कमी करून घेता येते.

म्हणून बुकिंग करतानाच बघा, बिल कोणाच्या नावाने आणि पॅन कोणाचा. हप्ते मुलगा भरतो आणि बिलावर वडिलांचा पॅन आहे, तर क्रेडिट वडिलांच्या खात्यात दिसणार. पॅन दिलाच नाही तर १ऐवजी ५ टक्के कापले जातात. डिलिव्हरीनंतर विक्रेत्याकडून टीसीएसचं प्रमाणपत्र (फॉर्म २७डी) मागून घ्या आणि ती रक्कम २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या तक्त्यात, उतरली आहे का ते रिटर्न भरण्याआधी पाहा. उतरली नसेल तर विक्रेत्याला लेखी कळवा, कारण ती नोंद त्यालाच दुरुस्त करावी लागते.