३८ टॉर्पीडोंचा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' या अंतराळयानाच्या टीव्ही मालिकेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही भरभरून लिहिलंत. यानावर फक्त ३८ टॉर्पीडो, म्हणजे स्फोटक अस्त्रं, आहेत असं सांगून मालिका पुढे तो हिशोबच विसरली, अशी माझी त्यात तक्रार होती. चिडून लिहिलंत, पण लेख पूर्ण वाचून चिडलात, हे आजकाल दुर्मीळ आहे. उत्तर लांबत गेलं म्हणून स्वतंत्रच देते आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. प्रकाशापेक्षा वेगाने धावणारं यान ज्या बाईला चालतं, तिने त्याच यानावरचे टॉर्पीडो मोजत बसावं हे हास्यास्पद आहे. नव्वदच्या दशकात वर्षाला सव्वीसच्या आसपास भाग पाडायचे असत, तेव्हा लेखकांकडून असल्या बारकाव्यांची अपेक्षाच चुकीची आहे, आणि तेव्हा पॉज करून बघणारं तरी कोण होतं? शिवाय टॉर्पीडो यानावरच बनवले असतील, सगळं दाखवायलाच हवं का? आणि माझ्यासारखी खुसपटं काढणारी माणसं इतरांच्या आनंदावर विरजण घालतात. एवढंच असेल तर स्वतः लिहून दाखवा.

पहिला मुद्दा खरा महत्त्वाचा, म्हणून त्यावरच जास्त बोलते. अशक्य गोष्टींबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. ट्रान्सपोर्टरचंच बघा. १९६६ साली मूळ मालिका सुरू झाली तेव्हा दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं बजेटच्या बाहेरचं होतं, म्हणून माणसं इथून अदृश्य होऊन तिथे उमटण्याची युक्ती निघाली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही शुद्ध थाप. कणाचं स्थान आणि संवेग एकाच वेळी अचूक कळत नाहीत, असं हायझेनबर्गने १९२७ मध्येच सांगून ठेवलंय. मग माणसाची कणाकणाने नक्कल काढणार कशी? पुढच्या मालिकांनी यावर 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भाग त्या यंत्रात बसवून टाकला. तो कसा चालतो, असं मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकेल ओकुडा यांना विचारलं गेलं, तेव्हा 'उत्तम चालतो' एवढंच सांगून ते मोकळे झाले. मला हे उत्तर मनापासून आवडतं. 'आमची थाप आहे, आम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, चला पुढे' असा हा करार आहे आणि मी त्यावर डोळे मिटून सही करते.

पण करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. आणि ३८ हा आकडा मी शोधून काढलेला नाही, त्यांनीच दिलाय. पहिल्या सीझनमधला तो तेजोमेघाचा भाग पुन्हा बघा. यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलंय, कमाल वेगाने गेलं तरी परतायला ७५ वर्षं लागणार. ऊर्जा जपून वापरायची म्हणून कॅप्टन जेनवे रेप्लिकेटरची, म्हणजे ऊर्जेतून हवा तो पदार्थ बनवणाऱ्या यंत्राची, कॉफी सोडते, आणि यानावरचा स्वयंपाकी नीलिक्स तिला कॉफीच्या बदली जे काही ओततो ते भांड्यातून पडतही नाही, लोंबकळतं. तिचा तो चेहरा! समोर ऊर्जेने भरलेला तेजोमेघ दिसतो तेव्हा ती म्हणते, त्या मेघात कॉफी आहे. पुढे आत अडकल्यावर वाट फोडून बाहेर पडायला एक टॉर्पीडो डागावा लागतो, आणि तेव्हा तिचा उपकप्तान चकोटे आठवण करून देतो की आपल्याकडे फक्त ३८ आहेत. संपले की नवीन मिळायची सोय नाही, हेही तिथेच स्पष्ट होतं.

त्या एका संवादाने पुढच्या सगळ्या लढायांचं वजन ठरलं. डागलेला प्रत्येक टॉर्पीडो म्हणजे घरापर्यंतच्या वाटेवरचा एक कमी. हा ताण प्रेक्षकांनी मागितला नव्हता, मालिकेने आपणहून दिला. आणि मग सात सीझन मनसोक्त गोळीबार. चाहत्यांनी मोजदाद केली, आकडा ३८ च्या कितीतरी पुढे गेला. शटलयानांचीही तीच गत: एक कोसळलं की पुढच्या आठवड्यात दुसरं हजर. 'यिअर ऑफ हेल' हा १९९७ चा दोन भागांचा एपिसोड तर तुम्ही स्वतःच नावाजलाय. त्यात यानाच्या चिंध्या होतात, माणसं मरतात, सुरक्षा अधिकारी टुवॉक आंधळा होतो. आणि शेवटी काळाचं चक्र उलटं फिरतं आणि पहिले पाढे पंचावन्न. कोणाला काही आठवतसुद्धा नाही. तुम्हाला हा शेवट काव्यमय वाटला. मला विचाराल तर आपण दोन आठवडे ज्यासाठी जीव टांगणीला लावला, ते घडलंच नाही असं सांगून आपल्याला घरी पाठवलं.

म्हणून मी प्लॉट होलचे, म्हणजे कथेतल्या विसंगतींचे, दोन ढीग करते. एक चुकांचा, दुसरा विसरण्याचा. चुकांचा ढीग मला करमणुकीचा वाटतो. मूळ मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांची कपाळं सपाट होती, १९७९ च्या चित्रपटापासून त्यांना वळकट्या आल्या. कारण उघड आहे, मेकअपला पैसे आले. १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक'च्याच मालिकेची मंडळी काळात मागे जाऊन त्या जुन्या क्लिंगॉनांसमोर उभी राहतात, सगळे आपल्यातल्या वॉर्फ या क्लिंगॉनकडे बघतात, आणि वॉर्फ म्हणतो की आम्ही परक्यांशी याबद्दल बोलत नाही. संपला विषय! २००५ मध्ये 'एंटरप्राइज' या मालिकेने त्याच कपाळांसाठी विषाणू आणि जनुकांचं दोन भागांचं रामायण लावलं. त्याची काही गरज नव्हती.

दुसरा ढीग मात्र मला खरोखर चिडवतो. 'स्टार ट्रेक'च्याच 'नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत १९८९ चा एक भाग आहे, डॉक्टर पुलास्की झपाट्याने म्हातारी होण्याच्या रोगाने मरायला टेकलेली असते. तिच्या हेअरब्रशमध्ये सापडलेल्या एका केसावरून तिचा मूळ डीएनए मिळवतात, तिला ट्रान्सपोर्टरमधून काढतात आणि ती पूर्ववत होऊन बाहेर येते. एका केसावर! भाग संपतो, आणि हा शोध पुन्हा कोणी वापरत नाही. त्यानंतर त्या यानावर कोणी असाध्य रोगाने तळमळू लागलं, डॉक्टर हताश होऊन मान हलवू लागला, की मला तो हेअरब्रशच दिसतो. यात विज्ञान चुकलं म्हणून मी चिडत नाही. मालिका मला रडायला सांगते, आणि रडायचं कारण तिने स्वतःच चार-पाच वर्षांपूर्वी रद्द केलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे त्याच मालिकेतला १९९३ चा 'फोर्स ऑफ नेचर' हा भाग. सेरोव्हा नावाची शास्त्रज्ञ सांगत असते की वार्पने, म्हणजे यानांच्या प्रकाशापेक्षा वेगाने धावण्याने, अवकाशाची वीण उसवते आहे. कोणी ऐकत नाही. तेव्हा ती स्वतःच्या यानाचा स्फोट घडवून, जीव देऊन ते सिद्ध करते. मग फेडरेशन, म्हणजे ही यानं ज्याची आहेत तो ग्रहांचा महासंघ, नियम करते: आणीबाणी सोडून वार्प ५ च्या वर जायचं नाही. पुढे एक-दोन भागांत याचा ओझरता उल्लेख, आणि नंतर ये रे माझ्या मागल्या. लेखकांना वेगमर्यादेची अडचण झाली असणार, ते समजतं. पण त्या बाईचा मृत्यू फुकट गेला, आणि तिच्या मृत्यूवर आपल्याला गंभीर व्हायला लावणाऱ्यांनीच तो फुकट घालवला. याला मी खुसपट मानायला तयार नाही.

आता तुमचा लेखकांच्या वेळेचा मुद्दा. कामाचा रगाडा प्रचंड होता, मान्य. खरं तर तुम्ही म्हणता त्याहून मोठं कारण धंद्याचं होतं. भाग पुन्हा पुन्हा, वाटेल त्या क्रमाने दाखवता यावेत, मधूनच बघणारा गोंधळू नये, म्हणून प्रत्येक गोष्ट तासाभरात सुरू होऊन संपायला हवी असायची. म्हणजे हा विसराळूपणा बराचसा धोरणाचा भाग होता. कारण कळलं म्हणून दोष नाहीसा होत नाही. आणि 'तेव्हा कोण पॉज करत होतं' हे तर अजिबात खरं नाही. घरोघरी व्हीसीआर होते. फिल फॅरँड यांनी १९९३ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन'च्या चुकांचं अख्खं पुस्तक काढलं, आणि ते चाहत्यांनी प्रेमाने वाचलं. स्वतः ओकुडा पतिपत्नींनी त्याच वर्षी या विश्वाची कालानुक्रमणिका छापली. नोंदी होत्या, निर्मात्यांच्या हाताशी होत्या.

आणि त्याच काळात 'बॅबिलॉन ५' ही दुसरी अंतराळ मालिका चालू होती. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची गोष्ट आधी आखली आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. कोणी नट सोडून गेला तर गोष्ट अडू नये म्हणून प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडायची एक चोरवाट आधीच काढून ठेवली होती. पहिल्या सीझननंतर मुख्य नायकच बदलला, तरी गाडं अडलं नाही. चौथ्या सीझनला मालिका बंद पडणार या भीतीने सगळं घाईघाईत गुंडाळलं आणि पाचवा त्यामुळे पातळ झाला, हेही खरं. पण ती दमछाक होती, विसर नव्हता.

'टीव्हीवर हिशोब ठेवणं शक्यच नसतं' यावर माझं आवडतं उत्तर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चं आहे. सायलॉन या यंत्रमानवांच्या हल्ल्यातून वाचलेली माणसं यानांच्या ताफ्यातून पळतायत, अशी ती गोष्ट. नव्या मालिकेचा '३३' हा पहिला भाग. राष्ट्राध्यक्ष रोझलिनच्या मागे एक पांढरा फळा आहे आणि त्यावर वाचलेल्या माणसांची संख्या लिहिलेली आहे. भागाच्या सुरुवातीला पन्नास हजारांच्या आसपास. सायलॉन दर ३३ मिनिटांनी हल्ला करतायत, कोणाला झोप नाही, आणि आकडा खाली खाली येतोय. अखेरीस तो ४७,९७२ वर आलेला असतो. मग ताफ्यात एक मूल जन्मल्याची बातमी येते, आणि ती उठून आकडा पुसून ४७,९७३ करते. पुढे तोच आकडा शीर्षकांमध्येही येत राहिला. ही मालिका ज्यांनी घडवली ते रोनाल्ड मूर त्याआधी 'व्हॉयेजर'च्या लेखकवर्गात अगदी थोडा काळ काढून बाहेर पडले होते. तो फळा बघताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

तुम्ही लगेच म्हणाल की हीच मालिका पुढे काय दिवे लावून बसली. बरोबर. सायलॉनांकडे एक योजना आहे, असं शीर्षकात आपल्याला किती वेळा वाचायला लावलं, आणि ती योजना काय होती हे सांगायला मूळ मालिका संपल्यावर २००९ मध्ये 'द प्लॅन' नावाचा वेगळा चित्रपट काढावा लागला. तो बघूनही ज्याला योजना कळली त्याने मला जरूर सांगावं. हा दुसऱ्याच ढिगातला माल आहे, आणि गॅलॅक्टिका माझी लाडकी म्हणून मी तो पहिल्यात सरकवणार नाही.

विरजणाबद्दल एवढंच: ज्यांना मालिका नुसती डोळ्यांसमोर चालू ठेवायची असते, ते ३८ हा आकडा ऐकतही नाहीत. तो लक्षात ठेवतो तो चाहताच. मालिकेवर विश्वास टाकणाऱ्या माणसाचा हा राग आहे, आणि बिनचूक म्हणून नावाजलेल्या मालिका मी एकदा बघून बाजूला ठेवते, 'व्हॉयेजर'कडे मात्र पुन्हा पुन्हा जाते. आपल्याला न आवडलेल्या लेखात कोणाचा आनंद नासवायची ताकद असते, असं मला वाटत नाही. तुमचा तर शाबूत दिसतोच आहे.

राहिला तुमचा टॉर्पीडो यानावरच बनवण्याचा तोडगा. तो मला पटतो, खरंच. १९९८ मध्ये त्याच लोकांनी 'डेल्टा फ्लायर' हे अख्खं नवं शटल यानावर बांधून दाखवलं, मग टॉर्पीडो का नाही? समजा, यानाची मुख्य अभियंता बेलाना टॉरेसने सुटे भाग जमवून पहिला घरचा टॉर्पीडो बनवला, तो निम्म्या वाटेत फुटला, दुसरा लागला, आणि जेनवेने त्या रात्री सगळ्यांना खरी कॉफी दिली. पाच मिनिटांचा प्रसंग. एवढ्याने माझा अर्धा लेख बाद झाला असता. 'लिहून दाखवा' म्हणालात ना, हा घ्या आराखडा. पण संवाद तुम्ही लिहा, बेलाना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आवडते हे प्रतिक्रियेवरूनच कळलं.