वाडा वाचवायचा असेल तर आधी तो संस्थेच्या नावावर करा

आज ठाण्याच्या नौपाड्यात एका पत्र्याच्या कुंपणावरची जाहिरात वाचली आणि अजून डोकं शांत झालेलं नाही. टॉवर येतोय. चित्रात लॉबीत लाकडी खांब, कमान, तुळशीवृंदावन, खाली लिहिलंय 'वाड्याचा अनुभव'. अहो, याच जागेवर खराखुरा वाडा होता! तो पाडायचा आणि त्याचा अनुभव विकायचा?

मला चरईतला आमच्या मोठ्या काकांचा वाडा आठवला. तो उतरवला तेव्हा मी तिथे उभी होते. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याची माणसं आली. त्यांनी आधी प्रत्येक सागवानी खांबावर खडूने नंबर टाकले, तुळयांवर वेगळे, कडीपाटावर वेगळे. दारावरची गणेशपट्टी गोणपाटात गुंडाळली. एका पोराने खांब जरा ओढला तर मुकादम खेकसला, "कोपरा खरवडू नको रे, माल जाईल." ते सगळं कुठल्याशा रिसॉर्टमध्ये नंबरवारीने पुन्हा उभं राहणार होतं. घरातले सगळे रडत होते. आणि सह्या सगळ्यांनी केल्या होत्या.

माझा संताप त्या सह्यांवर आहे. आपण ठाणेकर हळहळतो फार. मासुंदा तलावाचे जुने फोटो टाकतो, 'गेले ते दिवस' लिहितो, बदाम मोजतो. आणि प्रॉपर्टी कार्डावर कुणाची नावं आहेत ते बघत नाही. काका गेले, वारसांची नावं चढली. कुणी पुण्याला, कुणी अमेरिकेत. त्यांना वाईट म्हणवत नाही मला, माझीच भावंडं ती. पण वाड्याचे हिस्से पाडणार कसे? जिना एकाला आणि माजघर दुसऱ्याला? शेवटी पैसेच वाटून घेतले जातात.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे. 1947 च्या भाडे कायद्यामुळे जुन्या भाडेकरूंची भाडी अगदीच कमी राहिलेली, त्यातून पावसाळ्याआधी कौलं चाळायचा खर्चही निघत नाही. मान्य. म्हणूनच तर म्हणते, एकट्या कुटुंबाच्या गळ्यात हे ठेवू नका.

काका एकदा ओटीवर बसून म्हणाले होते, "खाली वाचनालय करा, वर पोरं गाणं शिकू देत." तेव्हाच सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, नोंदवून वाडा त्याच्या नावावर केला असता, तर खडू घेऊन कुणी आत आलं नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चं कलम 36 वाचा. न्यासाची इमारत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही मंजुरी लागते. एवढी कडी कुठल्या भावाभावांच्या शब्दाला आहे?

इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट 1895 पासून हे काम करतोय. 1907 च्या कायद्याने त्यांना मिळकत कायमची अविक्रेय ठरवायचा अधिकार मिळाला. मोठमोठ्या हवेल्या, बागा, शेतं त्यामुळे टिकली. लांबचं सोडा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलंत ना? इमारत महापालिकेची, पैसा जमनालाल बजाज फाउंडेशनचा, जीर्णोद्धार इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचा. 2008 मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा लोक माना वर करून छताकडे बघत होते. आणि आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय, 1893 पासून ठाण्यात चालू आहे. माणसं आली, गेली, संस्था राहिली. कुणाच्या मुलाला ते वारशाने मिळालं असतं तर आज तिथे काय असतं, सांगा बरं.

ट्रस्टीही भांडतात म्हणाल. भांडतात, वर्षानुवर्षं अर्ज पडून राहतात. पण त्या भांडणात निदान इमारत जागेवर असते.

आता राग जरा उतरलाय. काकूला मी दोष देणार नाही. ऐंशीच्या घरातली बाई, मोडक्या जिन्याने पाणी वर न्यायची, तिला लिफ्टचं घर हवं होतं. तिला कुणी दुसरा रस्ता दाखवलाच नाही. वाडा न्यासाला देऊन, आपल्या राहण्याचा हक्क न्यासपत्रात लिहून घेता येईल का, हे वकिलाला विचारायचं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

ठाण्यात, कल्याणात, पनवेलच्या जुन्या गावात काही वाडे अजून उभे आहेत. ज्यांच्या नावावर आहेत त्यांनी हयातीतच मुलांना समोर बसवून हा विषय काढा. दुरुस्तीला पैसा लागेल, तो आधी ठरवा. तळमजला कार्यक्रमांना द्या, अभ्यासिका चालवा, देणगीदारांना आयकरात सवलत मिळेल अशी नोंदणी करून देणग्या घ्या. आणि चांगले पाच-सात विश्वस्त निवडा, सगळे नातेवाईक नकोत. कुणाला खरंच करायचं असेल तर मला मेसेज करा. माझ्या ओळखीचे एक वकील आणि एक संवर्धन आर्किटेक्ट आहेत, पहिल्या भेटीचे पैसे घेणार नाहीत. धर्मादाय कार्यालयात तुमच्यासोबत मी येईन.