कक्षेत धडक झाली तर दावा कुणावर लावायचा?

2022 च्या गुढीपाडव्याला रात्री आकाशातून जळत गेलेली ती रांग नागपुरात अनेकांनी पाहिली. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांचं म्हणणं. नशिबाने कुणाला लागलं नाही. लागलं असतं, तर कायदा स्पष्ट होता. 1972 च्या लायबिलिटी कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे वरून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं की ती सोडणारा देश भरपाई देतो, चूक सिद्ध करावी लागत नाही. 1978 मध्ये कॅनडात सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस 954 कोसळला, त्यापोटी कॅनडाला 30 लाख कॅनेडियन डॉलर मिळाले.

पण धडक वर, कक्षेतच झाली तर? तोच करार म्हणतो, आधी समोरच्याची चूक दाखवा. आणि कशाला चूक म्हणायचं, हे करारात कुठेच नाही.

10 फेब्रुवारी 2009 ला सैबेरियाच्या वर सुमारे 790 किलोमीटरवर इरिडियम 33 हा अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आणि कॉसमॉस 2251 हा रशियाचा बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. नोंद घेता येतील असे सुमारे दोन हजार तुकडे झाले. कन्व्हेन्शनखाली भरपाईचा दावा कुणीच लावला नाही. लावणार तरी कसा? बंद उपग्रह वळू शकत नव्हता, आणि वळू शकणाऱ्याने वळलंच पाहिजे असा नियम नव्हता. त्यात इरिडियम 33 सुद्धा रशियाच्याच रॉकेटने वर गेलेला, म्हणजे करारानुसार त्याची जबाबदारीही रशियावर येऊ शकत होती!

मी मोटार अपघाताचे दावे चालवतो. वर्धा रोडवर ट्रकने कार ठोकली की पंचनामा होतो, टायरच्या खुणा मोजल्या जातात, धाब्यावरचा कुणीतरी साक्षीला मिळतो, विमा तर सक्तीचाच. कक्षेत पंचनामा करणार कोण? रडारची माहिती मोजक्या देशांकडे, आणि त्यातलाच एखादा पक्षकार असतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की सिद्धतेचा भार उलटा करा. धडकेचा इशारा मिळूनही ज्याने उपग्रह हलवला नाही, किंवा काम संपल्यावर खाली आणायची सोयच केली नाही, त्याने आपला दोष नव्हता हे दाखवावं. छोट्या कंपन्यांना हे जड जाईल, मान्य. पण आज त्या तुकड्यांचा धोका काही संबंध नसलेले सगळे सोसताहेत, ते कोणत्या न्यायाने?

आपणही यातून सुटलेले नाही. 15 फेब्रुवारी 2017 ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने एका उड्डाणात 104 उपग्रह सोडले, त्यातले 101 परदेशी. करारानुसार त्या सगळ्यांसाठी भारतही प्रक्षेपक देश, म्हणजे भरपाईला जबाबदार देश ठरतो. आता खासगी कंपन्याही उतरल्या आहेत. त्यांच्या चुकीची भरपाई देशाच्या तिजोरीतून जाईल, आणि ती कंपनीकडून वसूल कशी करायची याचा कायदा संसदेने केलेला नाही. अंतराळ कायद्याचा 2017 चा मसुदा पडून आहे. 2023 चं अंतराळ धोरण आलं, पण धोरणावर दावा चालत नाही.

विदर्भातल्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा. कायद्यात विमा सक्तीचा हवा, आणि धडकेच्या इशाऱ्याला किती तासांत उत्तर द्यायचं तेही लिहिलेलं हवं.