आबांनी एंटर मारला

मालवणच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान, मशीनवर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. काल सकाळपासून प्रिंटर अडून बसला म्हणून अपग्रेड लावलं, तर ते ऐन गर्दीत थबकलं. स्क्रीनवर प्रश्न: सेटिंगची ही फाइल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे, नवी घालू की जुनीच ठेवू? फरक बघायचा तर डी दाबा.

सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी आलेले आबा काउंटरवर बांगडे माशांची पिशवी ठेवून वाकून बघत होते. पिशवीतलं पाणी कीबोर्डाकडे निघालं होतं.

"काय इचारता ता?"

सांगितलं.

"फाइल कोणी बदलल्यान?"

"मी नाही. स्क्रिप्टने असेल."

"म्हणजे त्येका म्हायत नाय, तुका म्हायत नाय. मगे इचारता कोणाक?"

रांगेतली पोरं हसली. मी तोऱ्यात डी दाबलं. अधिक-वजाच्या चिन्हांनी स्क्रीन भरला.

"ह्या तुका वाचूक येता?"

"येतं."

"मगे वाच."

मी वाचल्यासारखं केलं. आबा रांगेकडे वळले. "फेरफार घालताना तलाठीसुद्धा नोटीस देता, हरकत घेऊक पंधरा दिस देता. आणि ह्यो उभ्याउभ्या इचारता!" एवढं बोलून त्यांनी बांगड्याच्या बोटाने एंटर मारला. प्रिंटर खडखडला, सातबारा बाहेर!

एंटर बरोबरच होता, हेच तर खुपतंय. नुसता एंटर मारला की जुनी फाइल राहते, नवी डीपीकेजी-डिस्ट असं शेपूट लावून शेजारी पडते. वापरणाऱ्याचे बदल अपग्रेडमध्ये टिकलेच पाहिजेत, असं डेबियनचं धोरणच आहे. मग आमची शोभा कशाला? आणि विचारायला हवं तिथे अळीमिळी गुपचिळी: एखादा सर्व्हर, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, इन्स्टॉल करा, सेटिंग करायच्या आत डेबियन तो चालूही करून मोकळा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात अशा बहुतेक सर्व्हिस आपण चालू करेपर्यंत बंद असतात. डेबियनवरच बेतलेल्या उबंटू सर्व्हरने तर 22.04 आवृत्तीत जांभळ्या स्क्रीनचं दुखणं काढलं होतं, अपग्रेड संपता संपता कुठल्या सर्व्हिस रीस्टार्ट करू म्हणून यादीच पुढ्यात. मला काय ठाऊक? मी झेरॉक्सवाला!

आबांकडे प्रिंटचे पैसे मागितले.

"कसले पैसे? मशीन मीच चालू केलंय."

मागचा पोरगा पुढे सरकला. माझ्याकडे ढुंकूनही न बघता म्हणतो, "आबानू, आता माझा आधारकार्ड?"